राजा उचलला, पण देश?

आज स्टुडिओ नाही, मी थेट मांडवीच्या जेटीवर बसलोय. मागे भेळेच्या गाड्या आहेत, समोर समुद्र. मधेमधे लाटांचा आवाज येईल, तेवढा चालवून घ्या.

आपण रत्नागिरीकर ‘थिबा पॅलेस’ म्हणतो, पाहुण्यांना फिरवून आणतो आणि विषय संपतो. पण थिबा होता कोण? ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. नोव्हेंबर १८८५ मध्ये सागवानाच्या व्यापारातल्या भांडणाचं निमित्त झालं आणि इंग्रज फौजा मंडालेवर चालून गेल्या. लढाई जेमतेम दोन आठवडे चालली. राजाराणीला बोटीत बसवलं, आधी मद्रासला नेलं आणि एप्रिल १८८६ मध्ये समुद्रमार्गे रत्नागिरीला आणलं. १ जानेवारीलाच त्याचा देश इंग्रजी राज्यात जमा झाला होता.

थिबा काही देवमाणूस नव्हता हं. तो गादीवर आल्यावर १८७९ मध्ये राजघराण्यातल्या कित्येकांची कत्तल झाली होती. पण राजा कसा का असेना, त्यामुळे परक्याला देश गिळायचा हक्क मिळतो का?

साम्राज्यांची ही युक्ती जुनीच. माणूस आणि त्याची माती यांची ताटातूट करायची. बहादूरशहा जफरला दिल्लीतून उचललं आणि रंगूनला टाकलं. तिकडे कॉकेशसच्या डोंगरात चेचेन आणि दागेस्तानी लोकांना घेऊन इमाम शमील रशियाच्या झारशी पंचवीस वर्षं झुंजला. १८५९ मध्ये तो पकडला गेला आणि त्याला दूर कलुगा नावाच्या गावात ठेवलं. तिथे घर होतं, पेन्शन होतं, फक्त आपला डोंगर नव्हता.

पुढे स्टालिन तर एका माणसावर थांबलाच नाही. २३ फेब्रुवारी १९४४ पासून अख्ख्या चेचेन आणि इंगुश समाजाला मालगाड्यांत कोंबून मध्य आशियात पाठवलं. वाटेत आणि तिथल्या थंडी-उपासमारीत हजारो माणसं मेली. १९५७ मध्ये परतायची परवानगी मिळाली. १९९१ मध्ये त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. मग दोन भीषण युद्धं झाली आणि आज चेचन्या रशियातच आहे. सगळ्या लढ्यांचा शेवट गोड होत नाही, मंडळी.

ब्रह्मदेशात काय झालं? राजा गेल्यावरही गावोगावचे लोक कित्येक वर्षं लढत राहिले. इंग्रज त्यांना ‘डाकू’ म्हणत. आणि गंमत बघा, १९०८ मध्ये इंग्रजांनी आपल्या रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना उचललं आणि नेलं कुठे? मंडालेला! त्यांचा राजा आपल्या गावात, आपला लोकमान्य त्यांच्या राजधानीत. ‘गीतारहस्य’ तिथल्याच तुरुंगात लिहिलं गेलं.

टिळक १९१४ मध्ये सुटून परत आले. थिबा मात्र डिसेंबर १९१६ मध्ये इथेच गेला. १९१० मध्ये बांधून झालेल्या त्या वाड्यात तो जेमतेम सहा वर्षं राहिला. त्याचा देश ४ जानेवारी १९४८ ला स्वतंत्र झाला, पण त्याची कबर अजून रत्नागिरीतच आहे.

पुढच्या वेळी पॅलेसला गेलात तर सेल्फी जरूर काढा. पण मिनिटभर त्या कबरीपाशीही थांबा. आपल्या गावाला कोणी कैदखाना म्हणून निवडलं होतं, हे आपल्याला माहीत असायला हवं.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!