खांदा नक्की कुठे दुखतो?

मराठीत खांद्याचे वाक्प्रचार भरपूर. खांद्याला खांदा लावायचा, खांद्यावर जबाबदारी घ्यायची, शेवटी चार खांद्यांवरून जायचं. पण तोच खांदा दुखायला लागला की आपल्याकडे बोलणं एकच, "खांदा धरलाय". गंमत म्हणजे या बाबतीत डॉक्टरलोकही आपल्या फार पुढे नव्हते. गेल्या दीडशे वर्षांत त्यांनी या दुखण्याला इतकी नावं दिली आणि मागे घेतली, की त्यांचा हिशोब मांडला तर एक इतिहासच होतो. गेले काही महिने मी त्या नादात आहे. घरचे कंटाळले, म्हणून म्हटलं इथे लिहून मोकळं व्हावं.

सुरुवात पॅरिसमध्ये. १८७२ साली द्युप्ले नावाच्या सर्जनने मांडलं की मार लागल्यावर आखडलेल्या खांद्यात दोष सांध्यात नसतोच, सांध्याभोवतीच्या मऊ भागात असतो. तोवर असलं सगळं संधिवाताच्या खाती जमा व्हायचं.

मग येतो माझा लाडका माणूस, बॉस्टनचा अर्नेस्ट कॉडमन. खांद्याभोवती चार स्नायूंच्या कंडरांची एक टोपी असते, तिला रोटेटर कफ म्हणतात. त्यातली कंडरा फाटू शकते आणि शिवता येते, हे त्याने १९११ मध्ये लिहिलं. पण त्याचं खरं वेड वेगळंच. प्रत्येक पेशंटला वर्षभराने गाठून विचारायचं की बाबा रे, बरा झालास का? आणि उत्तर काहीही असो, जाहीर करायचं. आज हे साधं वाटतं, तेव्हा सहकाऱ्यांना झोंबलं. १९१४ मध्ये त्याने मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचा राजीनामा दिला आणि १९१५ मध्ये भर सभेत एक व्यंगचित्र उघड केलं. त्यात वाळूत डोकं खुपसलेला शहामृग डॉक्टरांकडे सोन्याची अंडी लाथाडतोय. (असा माणूस नोकरीत टिकेल कसा?) १९३४ साली त्याने स्वखर्चाने खांद्यावर जाडजूड ग्रंथ काढला. 'फ्रोझन शोल्डर' हे नाव त्याचंच. नाव देतानाच त्याने मान्य करून टाकलं की हे प्रकरण ना नीट सांगता येत, ना समजावता येत.

आतापर्यंत सगळे सर्जन. खांदा रोज हातात धरणारी माणसं या चित्रात नाहीतच. इंग्लंडमध्ये १८९४ साली प्रशिक्षित मालिशवाल्या बायकांनी संस्था काढली, तेव्हाच ठरलं होतं की डॉक्टर सांगेल तेवढंच करायचं. निदान त्यांचं काम नव्हे. हे चित्र बदलायला हातभार लावला लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलच्या जेम्स सिरिॲक्सने. तो स्वतः डॉक्टर, पण आजोळ स्वीडिश मालिश-व्यायामवाल्यांचं. त्याची युक्ती अगदी सोपी. आधी पेशंटने स्वतः हात हलवायचा. मग पेशंटने हात सैल सोडायचा आणि तपासणाऱ्याने हलवायचा. शेवटी पेशंटने जोर लावायचा आणि तपासणाऱ्याने हात जागचा हलू द्यायचा नाही. दुसऱ्याने हलवूनही हात अडत असेल तर सांध्याच्या आवरणाकडे संशय जातो. नुसता जोर लावताना दुखलं तर स्नायू नाहीतर कंडरा. कोपर कुशीला टेकवून पंजा बाहेर वळवायला गेलं आणि तो वळलाच नाही, तर फ्रोझन शोल्डरची शंका पक्की होत जाते. यंत्र नाही, सुई नाही. हे त्याने फिजिओथेरपिस्टना शिकवलं. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय तपासायची मोकळीक मात्र ब्रिटनमध्ये त्यांना १९७७ मध्ये मिळाली. आपल्याकडे हा व्यवसाय आला पोलिओच्या निमित्ताने. मुंबईच्या केईएममध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पन्नाशीच्या दशकात शाळा निघाली.

एवढ्यात न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स नीअरने १९७२ साली एक देखणी गोष्ट सांगितली. शंभर खांद्यांची हाडं बघून तो म्हणाला, हात वर करताना कंडरा वरच्या हाडाच्या टोकाखाली चिमटते, घासते. मग ते टोक तासून टाका! तपासणीही तशीच. खांद्याचं पातं दाबून धरायचं, हात वर न्यायचा, दुखलं की बधिर करायचं इंजेक्शन द्यायचं आणि पुन्हा न्यायचा. दुखणं थांबलं की निदान झालं. मग चाचण्यांचं पेवच फुटलं. १९८० मध्ये हॉकिन्स-केनेडीची आली, पाठोपाठ जोबची 'रिकाम्या डब्या'ची, ज्यात डबा उपडा केल्यासारखा अंगठा खाली करून हात धरायचा.

ही गोष्ट पटकन पटते, तिथेच तिचा धोका. माझ्या मावशीला (ती हे वाचणार आहेच) कोणीतरी सांगितलं, "हाड घासतंय, हात वर करू नका." दीड वर्ष तिने फळीवरचा डबा काढला नाही. वेणी वहिनीने घालायची, कपडे मामांनी वाळत घालायचे. दुखण्यापेक्षा आत काहीतरी झिजतंय ही धास्तीच मोठी होती.

नीअरची गोष्ट हळूहळू उसवत गेली. १९९५ मध्ये खांदा अजिबात न दुखणाऱ्या ९६ जणांचे एमआरआय काढले, तर एक तृतीयांश लोकांची कंडरा थोडीफार फाटलेली. साठीपुढे निम्म्याहून जास्त. २००८ मध्ये हेगेडस आणि सहकाऱ्यांनी सगळ्या चाचण्यांचे अभ्यास एकत्र तपासले. एकटी कुठलीच चाचणी फारशी भरवशाची निघाली नाही. आणि २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटनचा प्रयोग छापून आला. ३१३ पेशंट होते. काहींचं हाड तासलं, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली, काहींवर काहीच केलं नाही. हाड तासलेल्यांत आणि नुसती दुर्बीण घातलेल्यांत सांगण्यासारखा फरक नव्हता. बरा झालास का, हा कॉडमनचाच प्रश्न, फक्त शंभर वर्षांनी विचारलेला.

फिजिओंमध्ये जेरेमी लुईसने २००९ मध्ये प्रश्नच बदलला. काय बिघडलंय हे हाताने नेमकं सांगता येत नसेल, तर काय केलं की दुखणं कमी होतं ते बघू. पाठ जरा सरळ करा, पात्याला आधार देते, आता उचला हात. कमी दुखलं? मग व्यायाम तिथून सुरू. नावही त्याने 'रोटेटर कफशी संबंधित खांदेदुखी' असं मोघम सुचवलं. मला ते मोघम नाव प्रामाणिक वाटतं.

जुनं सगळं टाकून दिलं असं नाही हं. मावशीच्या फिजिओबाईंनी आधी मान तपासली, मधुमेह आहे का विचारलं (फ्रोझन शोल्डर त्यांना जास्त होतो), जिना चढताना दुखतं का विचारलं, कारण डाव्या खांद्याचं दुखणं कधी हृदयाचंही असतं. मग सिरिॲक्सचा पंजा बाहेर वळवणं. तो छान वळला. मग म्हणाल्या, "काकू, घासण्याचं विसरा. अर्ध्या किलोची पिशवी घ्या." मावशीने तूरडाळीचं पाकीट घेतलं.