प्रिंट स्क्रीन आणि मंडई

कीबोर्डावरच्या 'प्रिंट स्क्रीन' या कळीचं नाव आता निव्वळ नावापुरतं उरलंय. १९८१ च्या आयबीएम पीसीवर शिफ्टसोबत ती दाबली की पडद्यावरची अक्षरं खरंच प्रिंटरमधून कागदावर उमटत. विंडोज आल्यावर चित्र क्लिपबोर्डवर जायला लागलं, मग पेंट उघडून चिकटवायचं. कळीचं नाव मात्र तेच!

आमच्या मंडईचं उलटं. १८८६ मध्ये उघडली तेव्हा ती 'रे मार्केट', गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाची. तिच्यावरच्या खर्चाला नगरपालिकेत विरोध केला जोतीराव फुल्यांनी, आणि पुढे नाव लागलं त्यांचंच. (पुणेकर नुसतं 'मंडई' म्हणून मोकळा.)

युनिकोड रुळण्याआधी समोरच्याकडे आपला फाँट नसला की मराठीचा पार कचरा व्हायचा. म्हणून अमेरिकेतल्या काकांना मी पत्र टाइप करून त्याचा स्क्रीनशॉटच धाडायचो. त्यांना मंडईतले भाव हवे असत: मेथी, गवार, हापूस. ते फाँट कधीच गेले, पण ती चित्रं अजून स्वच्छ वाचता येतात. फक्त फाइलींत 'मंडई' शोधलं की त्यातलं एकही पत्र सापडत नाही. म्हणून सध्या रोज एक पत्र पुन्हा टाइप करतोय.