फ्रान्झ लिस्ट : कीर्तीचा पूर्वार्ध

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या इतिहासात पियानोवादक म्हणून फ्रान्झ लिस्ट (१८११–१८८६) यांच्याइतकी कीर्ती हयातीत क्वचितच कोणाला लाभली असेल. आपल्या वाचकांपैकी काहींना ते ‘ख्रिस्तुस’ या ओरातोरिओचे रचनाकार म्हणून, तर काहींना उतारवयात धर्मसेवकाचा झगा परिधान करणारे ‘आबे लिस्ट’ म्हणून परिचित असतील. त्या झग्याची ओढ त्यांना कुमारवयातच लागली होती. मात्र युरोपने त्यांना डोक्यावर घेतले ते वेगळ्याच कारणासाठी. या लेखात आम्ही त्यांच्या १८४७ पर्यंतच्या कारकिर्दीचा आणि त्या काळात घडलेल्या त्यांच्या प्रतिमेचा परामर्श घेत आहोत.

बालपण व शिक्षण

फ्रान्झचा जन्म २२ ऑक्टोबर १८११ रोजी रायडिंग या खेड्यात झाला. हे गाव तेव्हा हंगेरीच्या राज्यात होते. आज ते ऑस्ट्रियात आहे. वडील आडाम लिस्ट हे एस्टरहाझी सरदारांच्या मेंढ्यांच्या कळपांवर देखरेख करणारे कारभारी होते. तरुणपणी त्यांनी दोन वर्षे फ्रान्सिस्कन मठात उमेदवार म्हणून काढली होती. त्यांना संगीताची उत्तम जाण होती आणि मुलाला पियानोचे पहिले धडे त्यांनीच दिले. १८२० मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, फ्रान्झने प्रेसबर्ग (आजचे ब्रातिस्लाव्हा) येथे वादन केले. ते ऐकून हंगेरीतील काही सरदारांनी त्याच्या शिक्षणासाठी सहा वर्षे दरसाल ६०० गुल्डन देण्याचे ठरवले.

कुटुंब व्हिएन्नाला आले. तेथे बीथोव्हेनचे शिष्य कार्ल चेर्नी यांनी त्याला पियानो शिकवला आणि आंतोनियो सालिएरी यांनी संगीतरचनेचे शास्त्र. दोघांनीही मोबदला घेतला नाही. मुलाच्या बेबंद वादनाला चेर्नींनी तालाची व बोटांची शिस्त लावली. प्रकाशक डियाबेली यांनी आपल्या एका वॉल्ट्झवर ५० संगीतकारांकडून प्रत्येकी एक रूपांतर मागवले होते. त्या संग्रहात शूबर्ट यांच्याबरोबर या बालकाचेही नाव आहे. एप्रिल १८२३ मधील कार्यक्रमानंतर बीथोव्हेन यांनी व्यासपीठावर येऊन त्याचे चुंबन घेतले, ही कथा पुढे सर्वत्र पसरली. त्या वेळी बीथोव्हेन यांची श्रवणशक्ती जवळजवळ गेली होती आणि ते सभागृहात हजर असल्याचा समकालीन पुरावा नाही. तरीही ‘अद्भुत बालक’ या प्रतिमेला त्या कथेने बळकटी दिली, हे खरे.

पॅरिस आणि पितृवियोग

१८२३ च्या अखेरीस पितापुत्र पॅरिसला पोहोचले. तेथील संगीत विद्यालयाचे प्रमुख केरुबिनी यांनी, परदेशी विद्यार्थी न घेण्याच्या नियमावर बोट ठेवून, त्याला प्रवेश नाकारला. मग पाएर व रायखा यांच्याकडे त्याचे खासगी शिक्षण झाले. पियानो बनवणारे सेबास्तियाँ एरार यांनी त्याला आश्रय दिला. एरार यांच्या नव्या यंत्ररचनेत पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच स्वर पुन्हा वाजवता येत असे. लिस्ट यांच्या वेगवान शैलीला हे वाद्य फार उपयोगी ठरले.

पॅरिस व लंडनमध्ये त्याची वाहवा झाली. ‘डॉन सांश’ हा त्याचा ऑपेरा ऑक्टोबर १८२५ मध्ये पॅरिसमध्ये रंगमंचावर आला, पण त्याचे चारच प्रयोग झाले. ऑगस्ट १८२७ मध्ये बुलोन येथे वडिलांचे निधन झाले. पंधरा वर्षांच्या फ्रान्झवर आईच्या निर्वाहाची जबाबदारी आली आणि सकाळपासून रात्रीपर्यंत शिकवण्या करून तो ती पेलू लागला.

दीक्षेची ओढ

शिकवण्यांतूनच एका सरदारकन्येशी त्याची प्रीती जडली. १८२८ मध्ये तिच्या वडिलांनी तिचा विवाह बरोबरीच्या घराण्यात ठरवून त्याला घराचा दरवाजा बंद केला. तो इतका खचला व आजारी पडला, की पॅरिसच्या एका वृत्तपत्राने त्याच्या निधनाची खोटी बातमीही छापली. या काळात तो तासन्‌तास चर्चमध्ये घालवू लागला आणि गुरुविद्यालयात प्रवेश घेण्याची इच्छा त्याने व्यक्त केली. आई तसेच पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू आबे बार्दाँ यांनी त्याला परावृत्त केले. पुढे १८३० च्या जुलै क्रांतीने तो पुन्हा जगाकडे वळला. तोफांनीच त्याला बरे केले, असे आई म्हणत असे.

धर्मविचार मात्र सुटला नाही. १८३४ मध्ये लिस्ट ब्रिटनीमध्ये फेलिसिते द लामने या धर्मगुरूंच्या सहवासात राहिले. लामने यांच्या मतांचा परमगुरुस्वामी सोळावे ग्रेगरी यांनी त्याच वर्षी निषेध केला होता. कला ही गोरगरिबांच्या उन्नतीसाठी आहे, हा त्यांचा आग्रह लिस्ट यांच्या मनात खोल रुजला. १८३५ मधील लेखमालेत त्यांनी कलावंताला श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील नोकराचा दर्जा देणाऱ्या समाजावर कठोर टीका केली आणि चर्चसंगीताच्या नवनिर्मितीची मागणी केली.

कीर्तीचा कळस

एप्रिल १८३२ मध्ये पॅरिसमध्ये पटकीची साथ असताना व्हायोलिनवादक पागानिनी यांचे वादन लिस्ट यांनी ऐकले आणि पियानोवर तशीच सिद्धी मिळवण्याचा निश्चय केला. रोज चार-पाच तास केवळ बोटांच्या व्यायामांना देऊन त्यांनी पियानोवादनाचे तंत्र पालटून टाकले. मार्च १८३७ मध्ये इटालियन निर्वासितांच्या मदतीसाठी पॅरिसमध्ये झालेल्या कार्यक्रमात त्यांची आणि झिगिस्मुंड थालबर्ग यांची बहुचर्चित जुगलबंदी रंगली.

या काळातील त्यांचे खासगी जीवन ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीस धरून नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. विवाहित असलेल्या काउंटेस मारी दागू १८३५ मध्ये त्यांच्यासह जिनिव्हाला गेल्या आणि त्यांना तीन अपत्ये झाली.

१८३८ मध्ये डॅन्यूब नदीच्या महापुराने पेस्ट शहर उद्ध्वस्त झाले. लिस्ट यांनी व्हिएन्नात लागोपाठ कार्यक्रम करून पूरग्रस्तांना मोठी मदत पाठवली. बॉन येथील बीथोव्हेन स्मारकासाठी निधी अपुरा पडत असता त्यांनी स्वतः मोठी रक्कम देऊ केली. १८४५ मध्ये पुतळ्याचे अनावरण झाले. १८४० मध्ये लंडनमध्ये त्यांच्या एकट्याच्या वादनाला ‘रिसायटल’ हे नाव दिले गेले. आज ते सर्वत्र रूढ आहे. १८४१–४२ च्या हिवाळ्यात बर्लिनमध्ये त्यांनी दहा आठवड्यांत २१ कार्यक्रम केले. श्रोत्यांच्या उन्मादाला कवी हाइने यांनी १८४४ मध्ये ‘लिस्टोमेनिया’ हा शब्द योजला.

रचनाकाराची उपेक्षा

या जयघोषाची एक किंमत होती. वादकाच्या झळाळीपुढे रचनाकार झाकोळला. १८२६ मध्ये कुमारवयीन फ्रान्झने बारा साधे अभ्यासपाठ प्रसिद्ध केले होते. १८३७ मध्ये त्यांनी ते कमालीचे अवघड केले; जगात फार तर दहाबारा वादकच ते वाजवू शकतील, असा अभिप्राय शूमान यांनी दिला. पुढे १८५२ मध्ये अनावश्यक अवघडपणा छाटून त्यांनी त्यांना अंतिम रूप दिले आणि ते चेर्नी यांना अर्पण केले. एकाच कृतीच्या या तीन अवस्थांत आम्हाला त्यांच्या मनाचा प्रवास दिसतो : शिष्याची साधना, विजयी वादकाचा आवेश आणि परिपक्व रचनाकाराचा संयम.

सप्टेंबर १८४७ मध्ये एलिसावेतग्राद (आजच्या युक्रेनमधील क्रोपिव्‌नित्स्की) येथे त्यांनी मानधन घेऊन केलेला अखेरचा कार्यक्रम झाला. त्या वेळी ते छत्तिसाव्या वर्षात होते आणि मागणी जराही ओसरली नव्हती. त्यानंतर वायमार येथे त्यांनी रचना, वाद्यवृंदाचे संचालन आणि विनामूल्य अध्यापन यांस वाहून घेतले. स्वतःला मिळालेले विद्यादान त्यांनी शेकडो शिष्यांना त्याच रीतीने परत केले.

१८६५ मध्ये रोम येथे त्यांनी कनिष्ठ दीक्षा स्वीकारल्या. ते मिस्सा अर्पण करणारे धर्मगुरू कधीच झाले नाहीत. अनेक समकालीनांना हा एका नटाचा नवा वेश वाटला. आम्हाला ते मत मान्य नाही. कारण कुमारवयात चर्चमध्ये तासन्‌तास बसणाऱ्या त्या मुलाची इच्छा कीर्तीच्या वर्षांतही विझली नव्हती, हे त्यांच्या पूर्वायुष्यावरून स्पष्ट होते.