ठराव तळ्यापर्यंत

ग्रामसभेचं इतिवृत्त उघडून बघा. सूचक, अनुमोदक, ‘सर्वानुमते मंजूर’, खाली सह्या नि अंगठे. ठरावाची ही मांडणी इंग्रजी अमलातल्या कौन्सिलांतून आणि नगरपालिकांतून आपल्याकडे आली. मंजूर ठराव वसूल कसा करायचा, हे मात्र महाडने शिकवलं.

४ ऑगस्ट १९२३. सरकारी खर्चाने चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं करण्याचा ठराव केला. सुरबानाना टिपणीस तिथले पुढारी. कागद चोख, पण तळ्यावर जायची कुणाची छाती होईना. बोले चिवट, १९२६ साली त्यांनी दुसरा ठराव आणला: जी नगरपालिका हे अमलात आणणार नाही, तिचं अनुदान बंद करा. अनुदान अडवून जाब विचारायची युक्ती इतकी जुनी आहे!

मार्च १९२७ मध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडात भरली. त्यामागे रामचंद्र बाबाजी मोरे यांची खटपट होती. २० तारखेला समारोपात अनंतराव चित्रे यांनी सुचवलं, ठराव झालेलाच आहे, तर चला तळ्यावर. नुकतेच कायदेमंडळाचे सभासद झालेले डॉ. आंबेडकर पुढे, मागे हजारो माणसं. ओंजळभर पाणी प्यायलं आणि तीन वर्षं पडून राहिलेला ठराव अमलात आला.

पुढे वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली. माणसांना मारहाण झाली, तळं पंचगव्याने ‘शुद्ध’ केलं गेलं. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला चार वर्षं होत होती त्याच दिवशी, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात तळ्यावर जायला कोर्टाची मनाई आली. तळ्याचा हक्क उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी मान्य केला.

आज महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांत पावसाळा धो-धो, तरी उन्हाळ्यात टँकर. पाण्याचे ठराव ग्रामसभेत दरवर्षी होतात. येत्या १५ ऑगस्टच्या सभेत मागचं इतिवृत्त ‘कायम’ करायला हात वर करण्याआधी विचारा: त्यातल्या पाण्याच्या ठरावाचं काय झालं? आणि उत्तर लेखी मागा.