छप्पर नसलेलं चर्च



माझी लेक लिस्बनला शिकते. यंदा मे महिन्यात आईला घेऊन तिच्याकडे गेले होते. पोर्तुगालची ही राजधानी सगळी टेकड्यांवर वसलेली. आईचे गुडघे सांभाळत रोज एकच ठिकाण बघायचं, असं आम्ही ठरवलं होतं.

पहिल्या दिवशी कार्मोच्या मठात गेलो. १३८९ साली बांधायला घेतलेल्या या मठाच्या चर्चला आज छप्पर नाही. दगडी कमानी तेवढ्या उभ्या, वर मोकळं आकाश. आईनं विचारलं, "असं कशानं झालं गं?"

मी सांगू लागले. १ नोव्हेंबर १७५५, सकाळी साधारण पावणेदहाची वेळ. सर्व संतांचा सण होता, म्हणून चर्च भाविकांनी भरलेली, जागोजागी मेणबत्त्या लावलेल्या. तेवढ्यात भूकंप झाला. छपरं भाविकांच्या अंगावर कोसळली. जे मोकळ्या जागेसाठी नदीकाठी पळाले, त्यांना थोड्या वेळात समुद्राच्या लाटांनी गाठलं. मेणबत्त्यांनी आणि चुलींनी लागलेली आग पुढे कित्येक दिवस शहर जाळत होती. हजारो माणसं गेली.

आई तिथल्या दगडावर बसली. "सणाच्या दिवशी," एवढंच म्हणाली.

ती कुठे पोचली होती ते मला कळलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, आपल्या दशलक्षण पर्वाचा शेवटचा दिवस. औसा तालुक्यातल्या आमच्या घरी धाकट्या काकूचा उपवास होता. सकाळी पारणं व्हायचं होतं. माळवदाच्या मातीखाली ती गेली. नंतर भेटायला आलेल्या एका बाईंनी आईला म्हटलं, "व्रतात काही चुकलं असेल." हे आईनं मला त्या दगडावर बसून पहिल्यांदा सांगितलं. तीस वर्षं मनात ठेवलं होतं.

मग मी तिला पुढची गोष्ट सांगितली. लिस्बनमध्येही तेच झालं होतं. मालाग्रिदा नावाचे एक पाद्री सांगत फिरले, हा तुमच्या पापांचा दंड आहे, निवारे बांधत बसू नका, प्रायश्चित्त घ्या. पण राजाचा मंत्री, जो पुढे पोम्बाल या नावानं ओळखला गेला, त्यानं गावोगावच्या पाद्र्यांकडे प्रश्नांची यादी पाठवली. धक्का किती वेळ टिकला? माणसं किती गेली? घरं किती पडली? समुद्र आधी चढला की ओसरला? झऱ्या-विहिरींच्या पाण्यात काही फरक पडला का? ती उत्तरं आजही जपून ठेवली आहेत.

दुसऱ्या दिवशी खालच्या सपाट भागात गेलो. पोम्बालच्या काळात हा भाग सरळ, रुंद रस्त्यांचा नव्यानं बांधला. घरांच्या भिंतींच्या आत लाकडाच्या उभ्या, आडव्या, तिरक्या वाशांचा पिंजरा घातला, म्हणजे धक्का बसला तरी घर अंगावर येणार नाही. आई एका भिंतीवर हात ठेवून म्हणाली, "आपल्याकडे नुसते दगड आणि माती होती गं. वर माळवदाचं एवढं ओझं."

"त्या पाद्र्याचं पुढे काय झालं?" तिनं विचारलं. पोम्बालशी त्याचं वैर वाढत गेलं आणि १७६१ साली त्याला देहदंड झाला, हेही सांगितलं. आईला ते आवडलं नाही. "चुकीचं बोलला म्हणून मारायचं? मग हेही शहाणे कसले?" म्हणाली.

जरा चालल्यावर स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "कर्म ज्याचं त्याला. पण दुसऱ्याच्या कर्माचा हिशेब मांडायला आपण कोण? भिंत का पडली, ते आधी बघावं."

संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली. भारतात मध्यरात्र उलटून गेली होती, म्हणून आई सकाळपर्यंत थांबली. उठल्या उठल्या तिनं गावी काकांना फोन लावायला सांगितला. तब्येतीचं विचारून झालं, मग म्हणाली, "भाऊजी, एक सांगायचं राहिलं होतं. तिच्या उपवासात काही चुकलं नव्हतं."

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. आईनं फोन तसाच कानाला धरून ठेवला होता.