परक्या गावी श्रमदान

श्रमदान आपल्याला नवं नाही. आपण बांध घातलेत, शाळेचं अंगण झाडलंय, गटारंही उपसलीत. पण सुट्टी टाकायची, पदरचे पैसे खर्चून दुसऱ्या देशात जायचं आणि तिथे अनोळखी माणसाच्या शेतातली वाळू काढायची, असंही लोक करतात हे सांगितल्यावर आमच्या गटातल्या बायकांनी दोनच प्रश्न विचारले. त्यांना घरी काम नव्हतं का? आणि तिथे स्वयंपाक कोणी केला? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. ही पद्धत सुरू होऊन शंभर वर्षं उलटली, तिचा इतिहास आज या दोन प्रश्नांच्या आधाराने बघू.

गोष्ट सुरू होते पहिल्या महायुद्धानंतर. फ्रान्समध्ये व्हर्दं नावाचं शहर आहे. त्याच्या आजूबाजूला १९१६ साली इतकी भयंकर लढाई झाली की गावंच्या गावं मातीला मिळाली. त्यातलंच एक एस्न. युद्ध संपलं, माणसं परत आली, तर घर नाही, रस्ता नाही, शेतात तोफगोळ्यांचे खड्डे. १९२० च्या नोव्हेंबरात तिथे थोडी परदेशी माणसं राहायला आली आणि लाकडी घरं उभी करू लागली. त्यांचा म्होरक्या होता पिअर सेरेसोल, स्वित्झर्लंडचा इंजिनिअर. त्याचे वडील त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेले. मुलगा मात्र लष्करासाठीचा कर भरायला नकार देऊन तुरुंगात जाऊन आलेला. त्याचं म्हणणं असं की तरुणांना देशासाठी काही महिने द्यायला लावायचेच असतील, तर बंदूक देऊन का, फावडं देऊन का नाही?

त्या टोळीत जर्मन माणसंही होती. म्हणजे ज्यांच्या फौजेने गाव पाडलं, त्यांच्यातलेच काहीजण ते बांधायला आले होते. आपल्याला ऐकायला छान वाटतं. पण ज्या बाईचा नवरा त्याच मातीत पडला, तिला दारात जर्मन भाषा ऐकून काय वाटलं असेल? गावातल्या काहींना ते सोसलं नाही, वरच्या अधिकाऱ्यांनाही नको होतं. १९२१ च्या एप्रिलमध्ये काम बंद पडलं आणि ही मंडळी निघून गेली. पहिलाच प्रयत्न अर्धवट राहिला. आम्हाला यात गावकऱ्यांना दोष द्यावासा वाटत नाही. मदत घ्यायची की नाही, हे ज्याचं घर पडलं त्याने ठरवायचं.

पुढे स्वित्झर्लंडमध्येच हिमकडे कोसळून नुकसान झालेल्या गावांत अशी शिबिरं झाली. त्यांत सेरेसोलचा भाऊ एर्नेस्ट पुढे होता, आणि तो लष्करात कर्नल! घरात एक सैन्याच्या विरोधातला, एक सैन्यातला, आणि दोघे मिळून दगड उचलतायत.

खरं मोठं शिबिर झालं १९२८ साली, लिश्टेनश्टाइन नावाच्या चिमुकल्या देशात. आदल्या वर्षी ऱ्हाइन नदीचा बांध फुटला होता आणि शेतांवर वाळू-गोट्यांचा थर बसला होता. पूर आल्यावर काळ्या रानाचं काय होतं ते आपल्याकडे नदीकाठच्या बायकांना सांगायला नको. पेरायचं तर आधी तो थर काढायला हवा, आणि देशात माणसं थोडी. तिथे त्या हंगामात वेगवेगळ्या देशांतून ७०० हून अधिक माणसं आली. शिक्षक, विद्यार्थी, कारकून, मजूर. कोणी दोन आठवड्यांची सुट्टी घेऊन, कोणी महिन्याची. मजुरी नाही, राहायला-जेवायला मात्र मिळायचं. दिवसभर फावडी आणि ढकलगाड्या. इथे गरज उघड होती, काम साधं होतं, आणि जेवढे हात येतील तेवढे कमीच होते. म्हणून ते जमलं.

आता दुसरा प्रश्न. एवढ्या माणसांचं रांधलं कोणी? बायकांनीच. या शिबिरांत पुरुषांना ‘मित्र’ म्हणत आणि स्त्रियांना ‘भगिनी’. मित्रांनी फावडं धरायचं, भगिनींनी स्वयंपाक, धुणं आणि फाटक्या कपड्यांची शिवण. त्याही नोकरीतून सुट्टी घेऊन, आपलं भाडं भरून परक्या देशात आलेल्या, आणि आल्या त्या थेट चुलीपुढे. हे वाचून दाखवलं तेव्हा आमच्याकडच्या एक काकी म्हणाल्या, “म्हणजे त्यांना सुट्टी मिळालीच नाही की!”

पण त्या भगिनींतल्याच एकीचं नाव आपण लक्षात ठेवायला हवं. एलेन मोनास्तिए. जन्म १८८२ चा, लोझान शहरात शिक्षिका. लहानपणच्या आजाराने पाय अधू झालेला. सुट्ट्यांमध्ये ती शिबिरांवर जायची आणि बायकांच्या बाजूची सगळी व्यवस्था बघायची. या शिबिरांतून जी संघटना उभी राहिली, ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’, तिची दुसऱ्या महायुद्धानंतरची पहिली आंतरराष्ट्रीय अध्यक्ष हीच बाई झाली. चूल आणि फावडं ही वाटणीही त्यानंतर हळूहळू मोडत गेली. बसल्या जागी नाही मोडली. बायकांना फावडं मागून घ्यावं लागलं.

ही गोष्ट आपल्या देशातही आली. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. घरं तर पडलीच, पण जमीन फाटून आतली वाळू वर आली, शेतं झाकली गेली, विहिरी बुजल्या. काही भागांत जमिनीची पातळीच बदलल्याने पुराचं पाणी गावांत शिरू लागलं. सेरेसोल तेव्हा ५४ वर्षांचा होता. गांधीजी १९३१ साली लंडनहून परतताना स्वित्झर्लंडला थांबले होते, तेव्हापासूनची ओळख. तो बिहारला आला, नुकसान पाहिलं, युरोपात जाऊन मदत गोळा केली आणि काही साथीदारांसह परत आला. बिहारमध्ये मदतीचं काम राजेंद्र प्रसादांच्या पुढाकाराने चाललं होतं. मुझफ्फरपूरकडच्या पुरात बुडणाऱ्या वस्त्या उंच जागी हलवण्याचं काम या मंडळींनी अंगावर घेतलं. नव्या वस्तीचं नाव ठेवलं शांतिपूर. १९३७ पर्यंत त्यांचं काम चाललं.

इथे आमच्या गटात वाद झाला. बिहारमध्ये मजुरांचा काय तोटा होता? बोटीच्या एका तिकिटाच्या पैशात कितीतरी गावकऱ्यांना महिनाभर रोजगार मिळाला असता. हिशेब खरा आहे आणि तो सोडून देता येत नाही. पण तो काळ बघा. राज्य गोऱ्यांचं. गोरा साहेब म्हणजे हुकूम सोडणारा. तो झोपडीत राहतो, उन्हात कुदळ मारतो, हे लोकांनी कधी पाहिलं होतं? आणि शिकलेल्या माणसाने मातीला हात लावायचा नाही, ही समजूत आपल्याकडचीही होतीच. म्हणून चार माणसांचं येणं कामाच्या हिशेबात थोडं असलं तरी नजरेच्या हिशेबात मोठं होतं. शिवाय ते चारच होते, राहिले ते महिने न् महिने, आणि म्होरक्या स्वतः इंजिनिअर होता. शंभर जण आठवड्याभरासाठी आले असते, तर गावाचा जीव मेटाकुटीला आला असता.

महाराष्ट्रातही असंच घडलं. वरोऱ्याजवळ बाबा आमटे आणि साधनाताईंनी आनंदवन उभं केलं, तेव्हा महारोगाच्या भीतीने लोक तिकडे फिरकत नसत. पन्नासच्या दशकात याच संघटनेचे देशोदेशीचे तरुण तिथे येऊन राहिले, दवाखान्याच्या बांधकामावर राबले. परदेशी पोरं रोग्यांच्या सोबतीने काम करतात हे पाहायला वरोऱ्याची माणसं येऊ लागली. पुढे १९६७ पासून बाबांनी सोमनाथला तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरवली, ती मे महिन्यात, ऐन उन्हात.

नंतरचा इतिहास इतका गोड नाही. ब्रिटनने १९५८ साली, अमेरिकेने १९६१ साली आपले तरुण गरीब देशांत वर्ष-दोन वर्षांसाठी पाठवायला सुरुवात केली. मग विमानप्रवास स्वस्त झाला आणि कंपन्या आल्या. पैसे भरा, दोन आठवडे या, सकाळी सेवा, दुपारी हत्ती बघायला. सेवा ही विकत मिळणारी वस्तू झाली, आणि गिऱ्हाईक आलं की माल तयार करावा लागतो. कंबोडियात तेच झालं. तिथे २००५ ते २०१० या पाच वर्षांत अनाथाश्रम सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. युद्ध तर कधीच संपलेलं, मग एवढे अनाथ आले कुठून? त्यातल्या बहुतेक मुलांची आई किंवा वडील जिवंत होते. शिक्षण मिळेल, पोटभर जेवण मिळेल, असं सांगून गरीब घरांतून मुलं आणली जात होती, कारण पाहुण्यांना अनाथ मुलांसोबत सुट्टी घालवायची होती. येणाऱ्यांचं मन वाईट नव्हतं. पण दर पंधरा दिवसांनी नवी ताई येणार, जीव लावणार आणि निघून जाणार. त्या लेकरांचं काय होत असेल ते आईला सांगायला नको. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही अनाथाश्रमांतल्या अशा सेवेच्या धोक्यांची दखल घेतली.

हे सगळं आज आठवायचं कारण आमच्या गटांकडेही एक विचारणा आलीय. परदेशातले बारा विद्यार्थी डिसेंबरात दहा दिवस गावात राहू इच्छितात. अंगणवाडीची भिंत रंगवायची, मुलांना इंग्रजी गाणी शिकवायची, असं त्यांच्या मनात आहे. मासिक सभेत दोन तास चर्चा झाली. अंगणवाडी मागच्याच वर्षी रंगवलीय. फुटलाय तो ओढ्यावरचा बांध, आणि ते काम मेमध्ये, पाणी आटल्यावरच करता येतं. तेव्हा आम्ही कळवलं की मेमध्ये या, ऊन फार असेल, गावातली माणसंही सोबत खोदतील. अंगणवाडीत शिकवायला कोणी जाणार नाही. स्वयंपाक गटातल्या चौघी करतील, त्याचा रोज ठरलेला दर लावला जाईल आणि पैसे गटाच्या खात्यावर जमा होतील. भांडी ज्याची त्याने घासायची, पोरांनीसुद्धा. बारा जणांपैकी पाच जणांनी होकार कळवलाय.