लाखेच्या लेपाखाली

जुनी गिटार घेणारा जाणकार तिच्या झळाळीला भुलत नाही. घोडीमागे फुगलेली फळी, सरसाने सांधलेली चीर, नव्या पॉलिशखाली दडलेली डागडुजी तो आधी शोधतो. टिचकी मारून सुटलेल्या सांध्याचा आवाज ऐकतो.

फर्दापूरनजीकच्या अजिंठा लेण्यांतील चित्रांनाही हीच पारख लागते. तेथे बेसाल्टवर माती, तूस व वनस्पतितंतूंचा गिलावा आहे. तो खडकापासून सुटला की टिचकीला पोकळ नाद देतो.

डागडुजी झाली ती हितबुद्धीनेच. १८७२ पासून प्रतिकृती करून घेणाऱ्या जॉन ग्रिफिथ्स यांच्या काळात रंग खुलावेत म्हणून चित्रांवर वार्निश चढले. पुढे १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी व काउंट ओर्सिनी यांना पाचारण केले. सुटता गिलावा त्यांनी जागीच बसविला, ही सेवा मोठीच. मात्र रंगांवर लाखेचा लेपही दिला. (कित्येक जुन्या गिटारींवरही लाखच असते!) लाख कालांतराने पिवळी पडते, आकसते आणि खालच्या रंगाचे पापुद्रे ओढते. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना हा लेप विद्रावकांनी, कापसाच्या बोळ्याने, इंचइंच उतरवावा लागला.